कडाक्याची थंडी, गोठलेली जमीन आणि पेंढ्याची गादी: फीडलॉटमधल्या जनावरांची वाढ हिवाळ्यात का मंदावते?

ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम भागात एक वादळ आलं. 'अ‍ॅटलस' हे त्याचं नाव. आधी तासन्‌तास थंड पाऊस, मग जोराचा वारा आणि त्यावर ओला, जड बर्फ. दोन-तीन दिवसांत हजारो गुरं मेली. नवल म्हणजे तापमान फार खाली गेलंच नव्हतं, पारा शून्याच्या आसपास होता. तीच गुरं जानेवारीत उणे २० अंशांत निवांत रवंथ करत उभी असतात. मग शून्य अंशात ती मेली कशी?

या एका प्रश्नाच्या उत्तरात आजचा सगळा विषय आहे. थंडी म्हणजे फक्त थर्मामीटरवरचा आकडा नाही. अंग ओलं आहे का, वारा किती आहे, केस किती वाढले आहेत, पोटात किती खाद्य आहे आणि बसायला कोरडी जागा आहे का, यावर जनावराची खरी थंडी ठरते. अ‍ॅटलसमध्ये मेलेली बहुतेक गुरं मोकळ्या कुरणांवरची होती. पण हेच गणित फीडलॉटमध्ये रोज, थोडं थोडं करून चालू असतं. तिथे जनावर मरत नाही, त्याची वाढ मंदावते, आणि मालकाच्या हे लक्षात येईपर्यंत हिवाळा संपलेला असतो.

फीडलॉट म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे असा प्रकार नाही, म्हणून आधी थोडी ओळख. अमेरिका आणि कॅनडात मांसासाठी वाढवलेली गुरं आयुष्याचा पहिला भाग कुरणावर काढतात. साधारण ३००-३५० किलोची झाली की त्यांना फीडलॉटमध्ये आणतात. फीडलॉट म्हणजे कुंपण घातलेले मोठमोठे उघडे वाडे. एकेका वाड्यात शंभर-दोनशे जनावरं, एका बाजूला सिमेंटची लांबच लांब गव्हाण, आणि त्यात ट्रकने येणारा मका, बार्ली, मुरघास वगैरेंचा मोजून मिसळलेला खुराक. पाच-सहा महिन्यांत जनावर ६००-६५० किलोवर न्यायचं हा हिशेब. रोजची वाढ साधारण दीड ते पावणेदोन किलो.

नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सास, आयोवा ही यातली मोठी राज्यं. कॅनडात अल्बर्टामधल्या लेथब्रिजच्या परिसरात इतके फीडलॉट आहेत की त्या पट्ट्याला लोक 'फीडलॉट गल्ली' म्हणतात. यातल्या बऱ्याच ठिकाणी डोक्यावर छप्पर नसतं. नॉर्थ डकोटात तर जानेवारीचं सरासरी तापमान उणे १० अंशांच्याही खाली असतं. आणि याच काळात जनावराने रोज दीड किलोने वाढावं अशी अपेक्षा असते.

पोटातली भट्टी आणि अंगावरचा कोट

गाय-बैलांकडे थंडीशी लढायला दोन जबरदस्त साधनं असतात.

पहिलं म्हणजे कोटीपोट. यात अब्जावधी सूक्ष्मजीव चारा कुजवत असतात आणि त्या कुजण्यातून उष्णता निघते. शेणखताच्या ढिगात हात घातला की गरम लागतो ना, साधारण तसंच. जनावर जितकं जास्त खातं, तितकी ही भट्टी जास्त पेटते. म्हणूनच भरपूर खुराक खाणारं फीडलॉटमधलं जनावर कोरड्या हवेत, वारा नसताना उणे २० च्याही खाली न कुडकुडता राहू शकतं. उपाशी किंवा नुसत्या निकृष्ट चाऱ्यावरच्या गाईला हे जमत नाही.

दुसरं साधन म्हणजे केस. दिवस लहान होऊ लागले की हिवाळी कोट वाढतो. पण ऊब केसांमुळे मिळत नाही, केसांमध्ये अडकलेल्या हवेमुळे मिळते. स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे, आपल्या गोधडीचंही तत्त्व हेच. आता हे केस भिजले तर? हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट जोरात उष्णता वाहून नेतं. गोधडी ओली करून पांघरल्यासारखं होतं.

जनावराला ऊब टिकवण्यासाठी जादा ऊर्जा जाळावी लागत नाही, अशा तापमानाची एक खालची मर्यादा असते. शास्त्रात तिला 'लोअर क्रिटिकल टेंपरेचर' म्हणतात. आपण तिला 'थंडीची रेषा' म्हणू. अमेरिकेतले पशुपालन सल्लागार मांसाच्या गुरांसाठी साधारण हे आकडे वापरतात:

- उन्हाळी कोट, किंवा कोणताही ओला कोट: १५ अंश सेल्सिअस
- शरद ऋतूतला, अर्धवट वाढलेला कोट: ७ अंश
- कोरडा हिवाळी कोट: ० अंश
- कोरडा, दाट हिवाळी कोट: उणे ८ अंश

खाद्य जास्त असेल तर ही रेषा आणखी खाली सरकते. पण पहिली आणि शेवटची ओळ पुन्हा एकदा बघा. दाट कोट असलेलं जनावर भिजलं की त्याची रेषा उणे ८ वरून थेट १५ वर येते. थर्मामीटर जागचा हललेला नाही, पण जनावराच्या दृष्टीने २३ अंशांची थंडी वाढली! अ‍ॅटलसचं कोडं इथे सुटतं. ऑक्टोबरची सुरुवात असल्याने हिवाळी कोट आलेला नव्हता, त्यात पावसाने अंग भिजलं, आणि वर वारा.

रेषेच्या खाली गेल्यावर काय होतं?

ढोबळ नियम असा: या रेषेच्या खाली प्रत्येक अंश सेल्सिअसला जनावराची शरीर चालवण्यासाठीची ऊर्जेची गरज सुमारे २ टक्क्यांनी वाढते. अंग ओलं असेल तर त्याहूनही जास्त.

इथे 'शरीर चालवण्याची गरज' हा शब्द महत्त्वाचा आहे. जनावर जे खातं त्याचे दोन वाटे पडतात. पहिला वाटा श्वास, रक्ताभिसरण, हालचाल आणि ऊब यासाठी. हा वाटा आधी कापला जातो, त्यात सूट नाही. उरलेल्या वाट्यातून मांस आणि चरबी तयार होते. पगार आला की घरभाडं आणि किराणा आधी जातो, उरलं तर बचत, तसंच आहे हे. थंडी म्हणजे भाडेवाढ. पगार तोच राहिला तर मार बचतीलाच बसतो.

याशिवाय एक संथ बदलही होतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बी. ए. यंग यांनी १९७० च्या दशकापासून थंडी आणि गुरं यावर बरंच काम केलं. त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगांतून दिसलं की आठवडेच्या आठवडे थंडीत राहिलेल्या जनावराचं शरीरच वेगळ्या चालीवर जातं. चयापचयाचा वेग वाढतो, भूक वाढते आणि चारा पोटातून लवकर पुढे सरकतो. चारा लवकर सरकला की पचायला वेळ कमी मिळतो, म्हणजे त्याच चाऱ्यातून मिळणारी ऊर्जाही घटते. एक दिवस गार वारा सुटला म्हणून हा बदल होत नाही, आणि एक दिवस ऊन पडलं म्हणून तो जातही नाही.

जरा आकडेमोड करून बघूया

अमेरिकेत गुरांचा आहार ठरवण्यासाठी राष्ट्रीय विज्ञान अकादमीची सूत्रं वापरतात. त्यात शरीर चालवण्याची ऊर्जा वजनावरून काढतात आणि मागच्या काळातल्या सरासरी तापमानानुसार ती वाढवतात. २० अंशांपेक्षा जितके अंश कमी, तितकी गरज जास्त. ५०० किलोच्या जनावराचं गणित असं येतं:

- सरासरी २० अंशांत: रोज सुमारे ८.१ मेगाकॅलरी
- सरासरी उणे १० अंशांत: रोज सुमारे १०.४ मेगाकॅलरी

म्हणजे २७ टक्के वाढ. आता समजा हे जनावर रोज १० किलो कोरडा खुराक खातं, आणि खुराकाच्या एका किलोतून शरीर चालवायला २.१ मेगाकॅलरी मिळतात. पहिल्या परिस्थितीत साधारण ३.९ किलो खुराक नुसतं जगण्यात खर्च होतो आणि ६.१ किलो वाढीसाठी उरतो. दुसऱ्या परिस्थितीत जगण्यात ४.९ किलो जातो आणि उरतो ५.१ किलो. वाढीच्या वाट्यात जवळजवळ सहावा भाग कपात! पहिल्या परिस्थितीत रोज पावणेदोन किलोने वाढणारं जनावर आता दीड किलोच्या आतच राहील.

प्रत्यक्षात थंडीत जनावर थोडं जास्त खातं, त्यामुळे काही भरपाई होते. पण त्या जादा खाण्याचे पैसे मालकाच्याच खिशातून जातात. शिवाय खरं हिमवादळ आलं की जनावरं वाऱ्याकडे पाठ करून एका कोपऱ्यात घोळका करून उभी राहतात, गव्हाणीकडे येतच नाहीत. म्हणजे ऊर्जेची सर्वात जास्त गरज असते तेव्हाच खाणं कमी होतं. आणि वादळ ओसरलं की भुकेलेली जनावरं एकदम धान्यावर तुटून पडतात, त्यातून कोटीपोटातलं आम्ल वाढून अ‍ॅसिडोसिस होण्याचा धोका असतो. म्हणून जाणते फीडलॉटवाले वादळाच्या आगेमागे धान्य वाढवत नाहीत, उलट खुराकात भरड चारा थोडा वाढवतात.

लक्षात घ्या, वरच्या सूत्रात फक्त हवेचं तापमान आहे. वारा, ओल आणि चिखल यांचा खर्च त्यावर वेगळा. हवेचं तापमान आपल्या हातात नाही. हे बाकीचे तीन मात्र बऱ्याच अंशी हातात आहेत.

खरा शत्रू: चिखल

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जमीन दगडासारखी गोठते तो काळ सगळ्यात वाईट. फीडलॉटमधली माणसं वेगळंच सांगतात. जमीन गोठते आणि वितळते, पुन्हा गोठते आणि पुन्हा वितळते, तो काळ सगळ्यात महाग. शेकडो जनावरांचे खूर, शेण, मूत्र आणि वितळलेला बर्फ यांचा मिळून घट्ट, चिकट राबडा होतो. मार्चमध्ये तर हे होतंच. लेथब्रिजसारख्या भागात ऐन हिवाळ्यातही होतं, कारण तिथे रॉकी पर्वतावरून 'चिनूक' नावाचे उबदार वारे येतात आणि काही तासांत तापमान २० अंशांनी वर जाऊ शकतं. काल बर्फ, आज चिखल, परवा पुन्हा बर्फ.

नेब्रास्का विद्यापीठाचा विस्तार विभाग चिखल आणि वाढ यांचा एक तक्ता बरीच वर्षं वापरतो. तो शून्याच्या आसपासच्या तापमानासाठी आहे. वाढीतली घट साधारण अशी:

- खुरांच्या वरच्या छोट्या नख्यांपर्यंत चिखल: ७ टक्के
- नडगीपर्यंत: १४ टक्के
- मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याच्या थोडं खाली: २१ टक्के
- त्या सांध्यापर्यंत: २८ टक्के
- पोटापर्यंत: ३५ टक्के

असं का होतं? एक तर चिखलातून पाय उपसून चालायला ताकद लागते, म्हणून जनावर गव्हाणीकडे कमी फेऱ्या मारतं. दुसरं, पोटाखालचे आणि कुशीवरचे केस चिखलाने लडबडले की त्यांच्यातली हवा जाते, कोट निकामी होतो. तिसरं कारण सहज लक्षात येत नाही: जनावर बसत नाही. गुरं दिवसातले १० ते १२ तास बसून काढतात. रवंथ आणि विश्रांती बरीचशी बसूनच होते. ओल्या थंड चिखलात ती बसायला कचरतात, ताटकळत उभी राहतात. नाइलाजाने बसलीच, तर अंगाची ऊब थेट जमिनीत जाते.

पेंढा नेमकं काय करतो?

आता पेंढ्याकडे येऊ. गव्हाचं किंवा बार्लीचं काड, मक्याची कापलेली ताटं, सोयाबीनचा भुसा, लाकडाचा भुसा असं जे त्या भागात स्वस्त मिळेल ते वाड्यात अंथरतात. साउथ डकोटात तर वर्तमानपत्राचा कागद कापून अंथरायचाही प्रयोग झाला आहे. हे अंथरूण एकाच वेळी तीन कामं करतं.

१. जमिनीपासून तोडतं. बर्फ पाण्याच्याही सुमारे चौपट जोरात उष्णता वाहून नेतो. गोठलेल्या ओल्या जमिनीवर बसलेलं जनावर म्हणजे लादीवर उघड्या पाठीने झोपलेला माणूस. कोरड्या पेंढ्याच्या नळ्यांमध्ये आणि काड्यांच्या फटींमध्ये हवा अडकलेली असते, म्हणून तो गोठलेल्या जमिनीपेक्षा कित्येक पट चांगला इन्सुलेटर आहे. जनावर त्यात खळगा करून बसलं की कुशींनाही आडोसा मिळतो.

२. ओल शोषतो. एक किलो कोरडं काड साधारण दोन ते अडीच किलो पाणी धरून ठेवतं. त्यामुळे पोटाखालचे केस कोरडे राहतात आणि थंडीची रेषा वर सरकत नाही. मला विचाराल तर पेंढ्याची हीच सगळ्यात मोठी कमाई आहे. तो वाडा गरम करत नाही, जनावराचा स्वतःचा कोट शाबूत ठेवतो.

३. बसायला लावतो. कोरडी जागा मिळाली की जनावर बसतं, रवंथ करतं. बसलेल्या जनावराचं वाऱ्यासमोरचं अंगही कमी होतं.

नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाच्या कॅरिंग्टन इथल्या संशोधन केंद्रात यावर हिवाळी प्रयोग झाले. काही वाड्यांत अंथरूण नाही, काहींत बेताचं, काहींत सढळ. अंथरूण मिळालेल्या जनावरांची रोजची वाढ जास्त होती आणि प्रत्येक किलो वाढीला खाद्य कमी लागलं. मांसाची प्रतही चांगली मिळाली. यात तर्कही सरळ आहे: अमेरिकेत मांसाची प्रत बरीचशी स्नायूंमधल्या बारीक चरबीवर ठरते, आणि ऊब टिकवायला जी ऊर्जा जळाली नाही, तीच तर चरबी म्हणून साठणार!

पेंढ्याचे पैसे वसूल होतात का?

हा कळीचा प्रश्न. पेंढा फुकट नाही, तो पसरायला ट्रॅक्टर, डिझेल, माणूस लागतो आणि नंतर खतही जास्त वाहावं लागतं. तेव्हा एक काल्पनिक पण वास्तवाजवळचं उदाहरण घेऊ.

जनावरांना अजून १५० किलो वाढायचं आहे. कोरड्या, चांगल्या वाड्यात रोज १.७५ किलो वाढ धरली तर ८६ दिवस लागतात. आता नडगीपर्यंत चिखल झाला आणि १४ टक्के घट आली, तर वाढ रोज १.५ किलो आणि दिवस १००. म्हणजे १४ दिवस जादा. रोज १० किलो खुराक धरला तर एका जनावरामागे १४० किलो आणि शंभर जनावरांमागे १४ टन खुराक नुसता चिखलात गेला.

समजा पेंढ्याने यातलं निम्मंच नुकसान भरून काढलं. वाढ १.६२ किलो होईल आणि दिवस ९३. सात दिवस वाचले, म्हणजे ७० किलो खुराक वाचला. रोज दर जनावरामागे सुमारे १ किलो पेंढा, या हिशेबाने खर्च झाला ९३ किलो पेंढा. तेव्हा पेंढ्याचा किलोचा भाव, पसरण्याच्या खर्चासकट, खुराकाच्या भावाच्या पाऊणपट असेल तरी फक्त खाद्याच्या बचतीत तो वसूल होतो. त्यातून कमी झालेले आजार, स्वच्छ कातडी आणि लवकर रिकामा झालेला वाडा हे वरचं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. टेक्सासच्या उत्तर भागातल्या कोरड्या हवेत, जिथे वाडे बहुतेक काळ धुळीचे असतात, तिथे रोज पेंढा घालणं परवडत नाही आणि त्याची तशी गरजही नसते. दुष्काळी वर्षी पेंढाच चारा म्हणून विकला जातो आणि भाव चढतात. म्हणून 'पेंढा घालावा का' याचं एकच उत्तर नाही. थंड + ओलं + वारा हे तिन्ही एकत्र आले की पेंढा सर्वात जास्त कमावतो. नुसत्या कोरड्या थंडीत त्याची कमाई कमी.

पेंढा टाकणं हेही एक तंत्र आहे

सगळ्या वाड्यात पातळ थर पसरवणं म्हणजे पेंढा वाया घालवणं. एक दिवसात तो चिखलात मुरतो. अनुभवी लोक हे पाळतात:

- जागा निवडा. वाड्यात मातीचा उंचवटा करतात, त्याच्यावर किंवा उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला जाड गादी करायची. गव्हाण आणि पाण्याच्या हौदाजवळ नाही, तिथे कायम ओल असते.
- सगळ्यांना जागा हवी. एका वेळी सगळी जनावरं बसू शकतील इतकी गादी लागते, म्हणजे दर जनावरामागे साधारण अडीच चौरस मीटर. कमी पडली तर दांडगी जनावरं बसतात आणि दुबळी उभी राहतात.
- आधी खरवडा, मग अंथरा. शेणाचा राबडा गोठण्याआधी काढायचा. चिखलावर पेंढा टाकला तर गादी होत नाही, गारा होतो.
- अंदाज बघून टाका. वादळ येऊन गेल्यावर टाकण्यापेक्षा ओल आल्याबरोबर ताजा थर द्यायचा. भिजलेला पेंढा इन्सुलेटर राहत नाही.
- वारा अडवा. वाऱ्याची आडभिंत पूर्ण बंद नसते. त्यात २० ते ३० टक्के फटी ठेवतात. बंद भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरा करतो आणि तिथेच बर्फाचे ढीग साचतात. फटी असल्या की वारा मोडतो. अशी भिंत आपल्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत आडोसा देते.

कामाला यंत्रंही आहेत. बेल प्रोसेसर नावाचं यंत्र ट्रॅक्टरमागे जोडतात. ते गोल गठ्ठा फोडून, काड तोडून कुंपणाबाहेरूनच वाड्यात लांबवर फेकतं. आयोवासारख्या जास्त ओल्या भागात काही शेतकऱ्यांनी याच्याही पुढे जाऊन छपराखाली खोल गादीचे गोठे बांधले आहेत. तिथे थरावर थर चढत जातात, खालचा थर कुजताना स्वतःच ऊब देतो. खर्च मोठा, पण पाऊस-बर्फ थेट अंगावर येत नाही आणि खत वाहून जात नाही.

खताचा मुद्दाही छोटा नाही. मूत्रातला नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत उडतो. पेंढ्यात कार्बन भरपूर असल्याने सूक्ष्मजीव तो नायट्रोजन धरून ठेवतात आणि चांगलं कंपोस्ट होतं. हिवाळ्यात घातलेला पेंढा वसंतात शेताला असा परत मिळतो.

सेन्सर आणि आकडे कुठे मदत करतात?

जनावराला खरोखर किती थंडी वाजते हे एका आकड्यात सांगायचा प्रयत्न बऱ्याच काळापासून चालू आहे. नेब्रास्काचे टेरी मेडर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक सर्वसमावेशक हवामान निर्देशांक मांडला. त्यात तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश हे चारही घटक धरले आहेत, आणि तो उन्हाळा-हिवाळा दोन्हींसाठी चालतो. अल्बर्टात विकसित झालेल्या ग्रोसेफसारख्या प्रणालीत कानातला टॅग आणि गव्हाणीखालचा वजनकाटा मिळून कोणत्या जनावराने किती खाल्लं हे नोंदवतात. थंडीत कोणाची भूक वाढली आणि कोण गव्हाणीकडे फिरकलंच नाही, हे त्यावरून कळतं. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा तर नवजात वासरांसाठी थंडीचा वेगळा इशाराही काही भागांत देते, कारण ओलं वासरू सर्वात लवकर गारठतं.

तरी सगळ्यात साधा सेन्सर फुकट आहे: वाड्यात जाऊन जनावरं बसली आहेत का बघणं. खाऊन झाल्यावरही बहुतेक उभीच असतील, तर गादी ओली आहे किंवा कमी पडते आहे. पाठीवर पडलेला बर्फ न वितळता तसाच असेल तर घाबरू नका, कोट काम करतो आहे, आतली ऊब बाहेर येत नाहीये. पोटाखाली चिखलाच्या गाठी लोंबत असतील तर मात्र कोट हरला.

आपल्यासाठी यात काय?

महाराष्ट्रात असे फीडलॉट नाहीत, आणि आपल्याकडे दुभत्या जनावरांना थंडीपेक्षा उन्हाळ्याचा त्रास जास्त. पण वरचं तत्त्व मुक्त संचार गोठा करणाऱ्यांना जसंच्या तसं लागू पडतं. पावसाळ्यात गोठ्यात चिखल झाला की गाय बसत नाही, कमी खाते, आणि ओल्या जागेत कासदाहाचा धोका वाढतो. डिसेंबरात निफाडकडे पारा ५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा लहान वासराला ओल्या फरशीवर बांधणं आणि कोरड्या भुशावर ठेवणं यात मोठा फरक पडतो. आडोसा, निचरा आणि कोरडी बैठक, हा क्रम तिकडे उणे २० मध्येही तोच आहे आणि इकडे जुलैच्या झडीतही तोच.

थोडक्यात सांगायचं तर, जनावराला थंडीपासून वाचवायला हीटर लागत नाही. हीटर त्याच्या पोटात आहे आणि गोधडी त्याच्या अंगावर आहे. ती गोधडी कोरडी ठेवणं, एवढंच काम आपलं.